तुझ्या लिलीला बेलवलीत फूल आलं

माझ्या लाडक्या आई,

आज सकाळी पप्पांनी मला हाक मारून अंगणात बोलावलं. तुझ्या लिलीची पहिली कळी उमलली होती. केशरी, आत बारीक तपकिरी ठिपके. पप्पा कुंडीजवळ स्टूल टाकून बसले होते. म्हणाले, "तिला कळवायला पाहिजे." कसं कळवायचं, ते काही बोलले नाहीत. म्हणून हे पत्र.

आधी एवढंच सांगते, पप्पा ठीक आहेत. उल्हासनगरच्या खोलीत नाहीत, माझ्याकडे बदलापूरला, बेलवलीत आहेत. हे वाक्य लिहिता यावं म्हणून मी किती वाट पाहिली, तुला काय सांगू?

तू गेलीस तेव्हा पावसाळा होता आणि लिलीचे कंद फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात होते. दर उन्हाळ्यात पानं पिवळी पडून वाळली की तू कंद उकरायचीस, कोकोपीटमध्ये, नारळाच्या भुशात, घोळवून पिशवीत भरायचीस. "थंड मुलखातली जात आहे ही. गारवा मिळाला नाही तर फूल कसलं देणार?" नर्सरीवाल्याने तर सांगितलं होतं, आपल्याकडच्या उकाड्यात लिली एकदाच फुलते, मग कंद फेकून द्यायचे. तू कधी फेकले नाहीस. एकदा पप्पांनी त्यातला एक लसूण समजून सोलला होता, आठवतं? त्यावरून तू किती दिवस अबोला धरला होतास.

तू गेल्यावर थोड्याच दिवसांत बिल्डिंगला धोकादायक म्हणून नोटीस लागली. गॅलरीला खालून लोखंडी टेकू दिले आणि वरच्या सगळ्या कुंड्या खाली उतरवायला लावल्या. बिऱ्हाडं एकेक करून निघाली. तुझी शेजारीण कमला आंटीसुद्धा निघाली. जाताना पप्पांना म्हणाली, "भाऊ, आम्ही चाललो शहाडला, मुलाकडे. तुम अकेले क्या करोगे इधर?"

पप्पा म्हणाले, "मला काय होतंय?"

मी दर रविवारी न्यायला जायचे. समजावलं, भांडले, एकदा तर त्यांच्यासमोर रडले. त्यांचं एकच, "हे तिचं घर आहे. मी निघालो तर कुलूपच लागेल." आई, तू त्यांना एवढं तुझ्यात गुंतवून का ठेवलंस गं? चहाशिवाय त्यांना काही करता येत नव्हतं. जिन्यातले लाइट गेलेले, छताचे पोपडे ताटात पडत होते, आणि हा माणूस चटई सरकवून पुन्हा जेवायला बसायचा.

मग थंडी सुरू झाली आणि एका सकाळी त्यांचा फोन आला.

"माया, आईच्या कंदांना कोंब आलेत. पिशवीतून बाहेर निघालेत. आता काय करायचं?"

"लावायचे, पप्पा."

"कुठे लावू? गॅलरीत कुंडी ठेवू देत नाहीत."

"माझ्याकडे आणा. तळमजला आहे, दारापुढे जागा आहे. सकाळचं ऊन येतं."

मग म्हणाले, "तुला लावता येतात?"

"नाही." खरंच सांगितलं. माझ्या हातून मनीप्लांटही जगत नाही, हे तुला माहीतच आहे.

"मग मीच येतो. लावून लगेच परत जाईन."

ते आले. पिशवी ओल्या पंच्यात गुंडाळून छातीशी धरलेली. हात-पाय धुवायच्या आधी कुंड्या मागितल्या. तळाच्या भोकावर खापरी ठेवली, मातीत वाळू मिसळली, वीतभर खोल खड्डा केला. मी बघतच राहिले. तुला कधी कुंडी उचलू न लागणारा माणूस हा!

"पप्पा, एवढं खोल?"

"वरच्यावर लावला तर दांडा कलंडतो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"ती रोज सांगत बसायची ना. मी ऐकत नाही असं तिला वाटायचं."

आई, तू हे ऐकायला हवं होतंस.

दुसऱ्या दिवशी ते निघणार होते. पण म्हणाले, कोंब मातीवर येऊ दे. कोंब वर आले, तर म्हणाले, तू पाणी जास्त घालशील, कंद कुजतील. मग मीच एकदा मुद्दाम पाण्याची बादली घेऊन कुंडीकडे निघाले.

आणि एका दुपारी कमला आंटीचा फोन आला. राहिलेलं सामान न्यायला ती बिल्डिंगमध्ये गेली होती. ती एकदम म्हणाली, "भाऊ कहाँ है?"

"माझ्यासमोर आहेत. चहा पितायत."

ती आधी रडली. मग म्हणाली, "तुमच्या खोलीचा स्लॅब आत्ता पडला गं. सीधा पलंग के ऊपर."

कुणालाही लागलं नाही. मजल्यावर कुणी उरलंच नव्हतं. मी पप्पांना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. "या वेळेला मी तिथेच झोपलेला असतो," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात धरला. लग्नाआधी कधीतरी धरला असेल.

तुझं कपाट दबलं, शिलाई मशीनही. तुझ्या साड्या काढता आल्या नाहीत, त्याचं वाईट वाटतं. बुद्धमूर्ती आणि तुझा फोटो मात्र मिळाला. आजचं फूल मूर्तीपुढे ठेवूया का, असं मी विचारलं. पप्पा म्हणाले, "तोडू नको, अजून चार दिवस राहील." आणि कुंडीच उचलून आत आणली.

संध्याकाळी ते आता शेजारच्या काकांबरोबर फिरायला जातात. भाजी आणतात. एकदा तर भातही लावला, पाणी जरा जास्त झालं एवढंच.

तुला एक वचन देते, आई. अजून ते या घराला "मायाचं घर" म्हणतात. फोनवर कुणाला सांगतात, "सध्या मुलीकडे आहे." त्यातला तो "सध्या" मी खोडायला जाणार नाही. तो आपोआप गळेपर्यंत थांबेन. आत्ता ते जेवून आडवे झालेत, घोरतायत. मी पंखा कमी केलाय. तूही आता निवांत हो.

तुझी,
माया