वेस्ताच्या पायांतली साखर

तळोदे, ३ मार्च १९४१, सोमवार
सकाळपासून दवाखान्यात ताप, खरूज, पुन्हा ताप. कंबर बसली. दुपारी डाकेचा हरकारा वेस्ता पावरा याला बैलगाडीत घालून आणलं. चांदसैलीच्या घाटात थैली उराशी धरून बसला होता. गार घाम, हात कापत होते. डाक इन्स्पेक्टर सोबत. त्यांचं निदान तयार: मोहाची दारू. तोंडाला वास नाही. वेस्ता एवढंच म्हणाला, "मी पेयेल नही शे, साहेब. पाय मन्हं ऐकी नही ऱ्हायनात." गूळपाणी दिलं, घेईना. संध्याकाळी ओट्यामागे स्वतः भाकरी थापून खाल्ली. तासाभरात उठून बसला!

४ मार्च
उलगडा झाला. पाळणी करतोय. होळीपर्यंत जमिनीवर निजायचं, दिवसातून एकदाच जेवायचं, तेही आपल्या हातचं. मुलीचा हिवताप उतरला म्हणून नवस. (क्विनीन मी दिलं. श्रेय होळीला. असो.) सौ.नं भाकरी-भाजी धाडली, ती त्यानं हात जोडून परत केली. सौ. माझ्यावरच रागावली.

५ मार्च
जुनं शरीरशास्त्र काढलं. वाळवीनं कडा खाल्ल्यात. ग्लायकोजन. परीक्षेपुरतं पाठ केलेलं, मग विसरलो. स्नायू आपापली साखर साठवून ठेवतात. सावकाश चाललं की पुष्कळसं चरबीवर भागतं. वेग वाढला, चढ लागला, की या साठ्याला हात लागतो आणि तो भराभर सरतो. अन्नाशिवाय पुरता भरून येत नाही. संपला की माणूस कितीही प्रामाणिक असो, पाय थांबतात.
वेस्ताला विचारलं, चालतोस कसा? घाटात उशीर होतो म्हणून सपाटीवर पळतो, वेळ काढून ठेवतो. म्हणजे पायथ्याशीच रिकामा. वर चढणार कशावर?
सांगितलं: रात्रीचं जेवण पहाटे कर. तासभर आधी नीघ. पळू नकोस. घाटात बोलता येईल इतकाच वेग.
"हळू चालीसन डाक येळवर पोचाडू?" हसला. पहिल्यांदाच.

७ मार्च
इन्स्पेक्टरांचा कागद आला. हरकारा निरोगी की आजारी, एका शब्दात कळवा. निरोगी लिहिलं तर कामचुकार, आजारी लिहिलं तर नालायक. नोकरी दोन्हीकडून जाते. दोन पानं लिहून पाठवली. ग्लायकोजनसकट. वाचतील असं वाटत नाही. डोळे दुखतात.

१० मार्च
तीन फेऱ्या झाल्या. वेस्ता कुठे बसला नाही. पंधरा-वीस मिनिटं उशीर, बस्स. बरं वाटलं. फार दिवसांनी.

१५ मार्च
होळी झाली. वेस्ता मोरपिसांचा टोप घालून नाचला म्हणे, रात्रभर! त्याला साखर कुठून आली, पुस्तकात नाही.
इन्स्पेक्टरांचा धडगावाहून निरोप: दोन पानं कळली नाहीत. असा प्रकार पुन्हा घडणार नाही, असं सहीनिशी द्या, तर वेस्ताला कामावर ठेवतो. नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. लगेच लिहिलं. उपास संपले, पुन्हा घडणार नाही. सही, शिक्का.

१७ मार्च
हमीचं पत्र सकाळच्या धडगावच्या डाकेत टाकलं. थैलीवर लाख लागली. वेस्तानं खांद्यावर घेतली.
"आता पोटभर जेवत जा रे."
"जेवसू, साहेब. पाळणी आते फुडला सालले."
"पुढच्या साली? फिटला ना नवस?"
"पाच सालना शे. हाई पहिलं."
थांबवायला हवं होतं. पोस्टमास्तर समोरच होते, थैली उघडता आली असती. वेस्ता काठीची घुंगरं वाजवत निघाला, शिकवल्याप्रमाणे, न पळता. वळणापर्यंत जायला बराच वेळ लागला त्याला. मी उभाच होतो.