गादीवरचं प्लॅस्टिक

मंगळवार, संध्याकाळ. राहनाळ.

जमीन गोदामवाल्यांना दिली, दुमजली बंगला बांधला, आणि मी तिशीला आले तरी आईबरोबर न्हाणीएवढ्या खोलीत झोपते. तळमजला भाड्याने. वरची मोठी खोली दादाची. दादा राहतो पुण्याला, येतो गणपतीत, दोन दिवस. तीन वर्षं झाली, त्याच्या गादीवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. काय तो थाट!

सकाळी आईला म्हटलं, "आजपासून मी दादाच्या खोलीत झोपते."

"भावाची खोली हाय ती. गादी मळंल."

म्हणजे पोरगी घामाघूम झाली तरी चालेल, गादी मळता कामा नये. कीवसुद्धा येत नाही मला या बाईची. स्वतः घोरते, पहाटे पाचला ट्यूबलाइट लावते आणि वर माझ्याच मोबाइलला नावं ठेवते.

आज गोदामाच्या ऑफिसातून दुपारीच सुटले. दादाच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं. आत आई झोपलेली. पलंगावर नाही, खाली फरशीवर, चटई टाकून. प्लॅस्टिक जसंच्या तसं. मला बघून चोरी पकडल्यासारखी उठली आणि चटई गुंडाळायला लागली.

मी फणकाऱ्यानं म्हटलं, "आपली खोली दिवसभर रिकामीच असते की!"

"आपली कुठली? तिथं समदं तुझंच हाय."

काहीतरीच! तरतरा खोलीत आले, म्हटलं, बघूच. कपाट माझं. आरसा माझा. टेबल माझं. खाटेवर झोपते मी, ती खाली. तिची एक पत्र्याची पेटी आहे, तीही माझ्या खाटेखाली.