माझी सही का अडली होती

अम्मी,

आपल्या पेठेचं तोंड बदलायचं चाललंय आणि ते काम माझ्यामुळे अडलंय, असं सगळी पेठ म्हणत होती. ते खरंच होतं. दुसऱ्या कुणी तुझ्या कानावर घालायची आता सोय नाही, नाहीतर तिखटमीठ लावून केव्हाच तुझ्यापर्यंत पोचलं असतं. म्हणून मीच सांगते. मराठीत लिहितेय, कारण आपण घरी आपली बोली बोलायचो तरी दुकानात तू मला रागवायचीस ती मराठीतच, समोरच्या गिऱ्हाइकालाही कळावं म्हणून. आणि हे सगळं त्या रागावण्याचंच उत्तर आहे, असं समज.

सरकारची योजना आहे. जुन्या पेठेला पुन्हा जुनं रूप द्यायचं. दुकानांवरचे पत्रे काढून पुढं लाकडी काम करायचं, पाट्या सगळ्यांच्या एका रंगाच्या, विजेच्या तारा जमिनीखाली, रस्त्याला दगडी फरशी, कोपऱ्यावर दिवे आणि बसायला बाकडी. खर्चाचा मोठा वाटा अनुदान म्हणून मिळणार, उरलेला दुकानदारानं घालायचा. अट एकच, रांगेतल्या सगळ्या दुकानदारांची संमती असली तरच त्या रांगेला अनुदान. आपल्या रांगेत सगळ्यांनी सह्या दिल्या. रांगेतल्याच भांडीवाल्या काकांनी सह्या घ्यायला आलेल्या साहेबांचंच पेन घेऊन सही ठोकली आणि पेन स्वतःच्या खिशात टाकलं. राहिले मी एकटी. आणि मला अनुदान नको होतं असं समजू नकोस. पुढचा पत्रा पावसात गळतो, बांगड्यांचे खोके मी प्लास्टिकनं झाकून ठेवते, आणि लेक सांगलीला विश्रामबागेत खोली घेऊन शिकतेय, तेव्हा पदरचं घालून पत्रा बदलणं मला यंदाही जमणार नाही. तरी सही केली नाही.

तू ओट्यावर बसली आहेस ते मला आत्ताही दिसतं. एक पाय खाली, एक पाय मांडीखाली, पुढ्यात साबणाच्या पाण्याची वाटी. समोरच्या बाईचा हात तू हातात घेतेस, अंगठा आत दुमडतेस, बोटांचे सांधे दाबून बघतेस आणि तिच्याशी तिसऱ्याच विषयावर बोलायला लागतेस. ती बोलण्यात गुंतली की बांगडी मनगटावर गेलेली असते. भरताना फुटली तर तिचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि एकदा हातात घेतलेला हात मधेच सोडून उठायचं नाही, हे तुझे दोन नियम. एक हात झाला की दुसरा, एक बाई झाली की तिची जाऊ. सकाळी शटर वर केलंस की दिवेलागणीपर्यंत तू त्या ओट्यावरून हलत नाहीस. गिऱ्हाइकं आग्रह करतात, "भाभी, च्या तरी घ्या की." आणि तू म्हणतेस, "नको गं बया, आत्ताच झालाय." आत्ताच म्हणजे पहाटे घरी. रात्री घरी आल्यावर तू तांब्याभर पाणी उभ्याउभ्या प्यायचीस आणि वर तीन कप चहा. अब्बा हसायचे, म्हणायचे, ही बाई दिवसभर रोजा धरते आणि सवाब-पुण्य मात्र मिळत नाही.

आणि लोणंदचा बाजार. एसटीत पेटी मांडीवर घेऊन तू दर आठवड्याला जायचीस. जमिनीवर बसून धंदा, कांद्याच्या गाड्यांचा धुरळा, तिकीट वजा जाता हातात काही उरायचं नाही. अब्बांनी कितीदा सांगितलं, कशाला जातेस. तू म्हणायचीस, "तिथली गिऱ्हाइकं लय चांगली हायत." सुट्टीत मला बरोबर न्यायचीस. आपण उतरायचो आणि बाजाराकडे न जाता आधी सरळ स्टेशनवर जायचो. मला पेटीपाशी बाकावर बसवून तू आत जायचीस, चेहरा धुऊन यायचीस, मग भरला पेला पाणी प्यायचीस आणि वर चहा मागायचीस. परतीच्या आधी पुन्हा एकदा स्टेशन. मी कितीतरी वर्षं लोकांना सांगत होते की आमच्या अम्मीला आगगाडी बघायची फार हौस. तुझ्या जागी ओट्यावर बसायला लागले तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. लोणंदच्या गिऱ्हाइकांत काही खास नव्हतं, अम्मी. लोणंदला बायकांचा संडास होता.

आता ते रागावणं. श्रावणातले दिवस, दुकानात बायकांची ही गर्दी. मी आठ-नऊ वर्षांची असेन, तुझ्यामागं बसून हिरव्या बांगड्या डझनाडझनानं दोऱ्यात ओवत होते. मला लागली होती. खूप वेळ दाबून धरली आणि शेवटी मोठ्यानं म्हणाले, अम्मी, मला मुतायला जायचंय. बायका हसल्या. तू हातातला हात सोडला नाहीस, डाव्या हातानंच मागं माझ्या मांडीला असा चिमटा काढलास की डोळ्यांत पाणी आलं. म्हणालीस, "चारचौघांत असलं बोलत्यात व्हय? बाईच्या जातीनं दम धराय शिकावं." मी शिकले. इतकी शिकले की पुढं मला लागलेलं मलाच कळेनासं झालं. आपल्या रांगेतले भांडीवाले काका दिवसातून चार वेळा उठून जुन्या वेशीच्या भिंतीमागं जाऊन यायचे, धोतराचा सोगा सारखा करत, कुणाकुणाला रामराम करत. त्यांना कुणी चिमटा काढला नाही.

तुझ्या अंगावर सूज आली तेव्हा तू म्हणालीस, बसून बसून आलीय. ताप यायचा, कंबर धरायची, गोळी खाऊन तू पुन्हा ओट्यावर. दवाखान्यात नेलं तोवर दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले होते. डॉक्टरीणबाई तुला विचारत होत्या, दिवसाला पाणी किती पिता, लघवी तुंबवून ठेवता का, जळजळ किती वर्षांची आहे. आणि तू, जिनं अख्ख्या तालुक्याच्या बायकांशी नको नको ते बोलून त्यांचे हात भरले, ती तू भिंतीकडे तोंड केलंस. मग त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की असं वर्षानुवर्षं करणाऱ्या बायका त्यांच्याकडे नेहमी येतात. शिक्षिका येतात, भाजीवाल्या येतात, कंडक्टर येतात. तू त्या महिन्यातच गेलीस. मला तुझा राग येतो, अम्मी. अजून येतो. मरताना तरी बोलायचं होतंस.

तर योजनेचा नकाशा चौकात मोठ्या फलकावर लावला. सगळे आपापलं दुकान शोधत होते, मी संडास शोधत होते. दिवे होते, बाकडी होती, वेशीजवळ कारंजं होतं, पाहुण्यांनी उभं राहून फोटो काढायला एक चौथरा होता. दुसऱ्या दिवशी साहेब सह्या घ्यायला आले तेव्हा मी विचारलं, बायकांसाठी मुतारी कुठं आहे? साहेब हसले. म्हणाले, "बाई, ही हेरिटेज योजना आहे. पूर्वी जे होतं तेच ह्यात बसतं." मी म्हटलं, "पूर्वी ह्या पेठेत बाया होत्या का न्हवत्या?" म्हणाले, "होत्या की." "मग त्या कुठं जात होत्या?" साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पुढच्या दुकानात गेले. त्यांच्यामागं वही धरून उभी असलेली इंजिनियर पोरगी मात्र जागची हलली नाही. माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. रोज सकाळी यायची, टेप लावून दारं-खिडक्या मोजायची, संध्याकाळपर्यंत उन्हात. मी तिला रोज चहा विचारायचे आणि ती रोज म्हणायची, नको भाभी, आत्ताच झाला. ते 'नको' मी लहानपणापासून ऐकलेलं होतं. मी तिला जवळ बोलावून विचारलं, "पोरी, तू जातेस कुठं?" ती लाल झाली. मग हळूच म्हणाली, "रूमवर गेल्यावर."

त्यानंतर माझी सही अडली. पेठ उलटली माझ्यावर. ज्यांच्या लेकींच्या चुड्यापासून डोहाळजेवणापर्यंतच्या बांगड्या आपण भरल्या, ती माणसं दारावरून मान फिरवून जायला लागली. भांडीवाले काका येऊन बसले. "आवं भाभी, आमी काय नको म्हनतोय का? पर ह्या रांगंत कशाला? दारात वास मारंल, गिऱ्हाईक फिरकायचं न्हाई." मी म्हटलं, "काका, तुमी आयुष्यभर वेशीच्या भिंतीला जाता, तो वास कुनाच्या दारात येतो? माज्याच न्हवं?" ते म्हणाले, "गड्यांचं येगळं असतंय." मी म्हटलं, "व्हय, गड्यांना भिंत हाय." ते उठून गेले आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. लेकीनं फोनवर आधी मला वेड्यात काढलं, पत्रा गळतोय आणि तू कसली सही अडवून बसलीस म्हणाली. मी तिला लोणंदचं सांगितलं. तिनं विचारलं, "तू मला लहानपणी दुकानात बसू देत नव्हतीस, ते ह्याच्यासाठी?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग नको करूस सही."

शेवटी सभा बोलावली, शाळेच्या हॉलमध्ये. खुर्च्यांवर दुकानदार, मागं उभ्या बायका. मी सांगितल्यामुळे आल्या होत्या त्या. बांगड्या भरता भरता महिनाभर मी दुसरं काही बोललेच नव्हते. भाजीवाल्या होत्या, शिवणकामवाल्या, कापडाच्या दुकानातल्या मुली, आणि गावाकडून खरेदीला आलेल्या दोघी-तिघी नुसत्या काय चाललंय बघायला. साहेब म्हणाले, एका व्यक्तीच्या हट्टापायी सगळ्या रांगेचं अनुदान परत जाईल. मग कुणीतरी माइक माझ्याकडे दिला. मी तोच शब्द वापरला, अम्मी, जो त्या दिवशी वापरला होता. लघुशंका नाही, प्रसाधन नाही. म्हटलं, "ह्या पेठेत पाचशे बाया दिवसभर मूत दाबून बसत्यात. तुमी दिवे लावा, फरशी घाला, कारंजं उडवा. आमाला मुतायला जागा द्या, मग माजी सही घ्या." पुढच्या रांगेत कुणीतरी शीः म्हणालं. पाचशे हा आकडा मी कुठून आणला मला माहीत नाही, कुणी मोजायला बसलं नव्हतं. साहेब म्हणाले, "बाई, भाषा सांभाळा. आणि असं बघा, एवढी मागणी खरंच आहे का?" तेव्हा त्यांच्या शेजारची ती पोरगी उभी राहिली. वही छातीशी घट्ट धरली होती. म्हणाली, "सर, मी कामावर असताना पाणी पीत नाही. रुजू झाल्यापासून." आणि खाली बसली. मागं उभ्या बायकांत कुणीतरी आधी हुंदका दिला का हसलं ते कळलं नाही, पण मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या आणि साहेबांचा माइक कुणाला ऐकू जाईना.

शेवटचा प्रश्न तोच निघाला, कुणाच्या दारात. संडास सगळ्यांना हवा होता आणि कुणालाच आपल्या भिंतीशी नको होता. मी म्हटलं, माझ्या भिंतीला लावून बांधा. ओट्याच्या डाव्या बाजूची जागा घ्या, दोन फूट माझी गेली तरी चालेल. भांडीवाले काका म्हणाले, "भाभी, तुमचा धंदा बसंल." मी म्हटलं, "बसू द्या." साहेबांनी लाल पेनानं नकाशात चौकोन काढला आणि सहीचा कागद माझ्यापुढं सरकवला. मी कागद परत सरकवला. लाल चौकोनात कुणाला बसता येत नाही म्हटलं, खड्डा खणा, मग सही. दीड महिना त्यांनी तंगवलं, मीही तंगवलं. परवा खड्डा खणला. पाण्याची जोडणी आणि झाडायला बाई नेमायचं त्या इंजिनियर पोरीनं माझ्यादेखत लिहून घेतलं आणि मग मी सही केली. त्या दिवशी तिनं माझ्याकडे अर्धा कप चहा घेतला. पूर्ण घे म्हटलं तर म्हणाली, बांधून होऊ दे, भाभी.

हे कागद घडी घालून मी कपाटात ठेवणार आहे. कब्रस्तानात येऊन वाचायचं तर तिथं बाया जात नाहीत आणि एका वेळी एकच भांडण पुरे. पण एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी सभा सुटल्यावर हॉलच्या पायरीवर तुझं एक जुनं गिऱ्हाईक भेटलं. म्हातारीनं माझे दोन्ही हात धरले, म्हणाली, "आईच्या वरताण निघालीस गं. लय गुनाची व्हती. कशानं गेली म्हनायची ती?" आजूबाजूला दहाबारा बायका थांबल्या होत्या, सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. नुकतंच माइकवर सगळ्या गावासमोर बोलून आलेली मी. मला तुझी पाठ दिसली, भिंतीकडे वळलेली. मी म्हटलं, हार्टनं.