धुरी दिलेलं हृदय

अल्माटी, डिसेंबर

आदरणीय राउशान वहिनी,

तुमच्या पुस्तकखाऊ नणंदेचा सलाम. (सासरच्या माणसांची नावं घ्यायची नाहीत म्हणून तुम्ही मला हे नाव ठेवलंत, आता गावातली पोरंही तेच म्हणतात.) गुरंढोरं खुशाल आहेत ना? मेंढ्यांना चारा पुरतोय ना? आणि भाऊंची कंबर? मी ठणठणीत आहे, टोपी घालते, वेळेवर जेवते. लग्नाचा विषय या पत्रात नाही, तेव्हा उगाच शोधू नका.

तुम्ही पाठवलेलं हृदय पोचलं. तेच सांगायला बसले आहे. मी भाऊंना फोनवर म्हटलं होतं की यंदा हिवाळ्याचा घोडा कापाल तेव्हा माझा वाटा म्हणून फक्त हृदय द्या, कच्चं, बर्फात घालून. भाऊंनी तुम्हाला सांगताना ‘कच्चं’ आणि ‘बर्फात’ हे दोन्ही शब्द गिळले. आता परगावी एकट्या राहणाऱ्या मुलीचा वाटा कुणी कच्चा पाठवतं का? तुम्ही त्याला मीठ चोळलंत, लसूण चोळलात, आर्चाच्या लाकडाची छान धुरी दिलीत आणि फडक्यात बांधून बसमध्ये ठेवलंत. आई असती तर तिनंही हेच केलं असतं. बस आली तेव्हा मी वर्गावर होते. आमचे प्राध्यापक खेगाय यांनी गाठोडं उघडलं आणि उत्साहाच्या भरात स्वतःच चिरून टाकलं. माणूस देवासारखा, पण आयुष्यभर रसायनं हुंगून नाक कामातून गेलेलं. त्यांनी पाहिला फक्त रंग. मी आले तर हातात बरणी धरून उभे, “कमशात, बघ तरी काय लाल आहे! असं हृदय मी जन्मात पाहिलं नाही!”

तो लाल रंग म्हणजेच माझा प्रबंध, वहिनी. हृदयाच्या मांसात एक प्रथिन असतं, त्याच्या पोटात लोखंडाचा एक अणू. तो आपल्याकडच्यासारखी पाहुण्यासाठी मानाची एक जागा रिकामी ठेवून बसतो. प्राणवायू येतो, टेकतो, उठून जातो. मी तिथे जखमा धुवायचं पेरॉक्साइड पाठवते. लोखंड त्यातला एक ऑक्सिजन ओरबाडून घेतं आणि असं भडकतं की शेजारी जे सापडेल ते जाळायला धावतं. त्या क्षणी रंग पालटतो. तो पालटताना यंत्रात पकडायचा, एवढंच माझं काम. (एवढ्यासाठी माझी चार वर्षं गेली, असं भाऊ शेजाऱ्यांना सांगतात ते मला कळलंय.)

आम्ही ते मांस वाटलं, गाळलं, शुद्ध केलं, पेरॉक्साइड घातलं. काही नाही. रंग ढिम्म. आधी पेरॉक्साइडच्या बाटलीला शिव्या घातल्या, मग यंत्राला, मग शेजारच्या खोलीतल्या झिनाइदाला, कारण ती नेहमी हाताशी असते. तोवर चहाच्या वेळी मजल्यावरची माणसं हातात पाव घेऊन आमच्या दारात रेंगाळू लागली होती. शेवटी मी चंचुपात्राला नाक लावलं आणि मला कडकडून भूक लागली. तो आपल्या घरचा वास होता. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो त्या मानाच्या जागेवर बसला की उठायचं नावच घेत नाही, आमचे ते मामेभाऊ दिवाळखोर झाल्यावर आपल्याकडे येऊन बसले होते तसा. म्हणूनच रंग इतका लाल आणि पेरॉक्साइडला दारही उघडेना.

खेगाय सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागले. वसंतात ते निवृत्त होताहेत. त्याआधी रंग पालटल्याचा आलेख यंत्रातून मिळाला नाही तर माझा प्रबंध दुसऱ्याच्या हाती जाणार, आणि त्या गृहस्थांना लोखंडाचं वावडं आहे. परदेशातून मागवलेलं प्रथिन कस्टममध्ये अडकलंय. मी रडवेली होऊन भाऊंना फोन केला, तर भाऊ म्हणाले, “हात्तिच्या! एवढंच ना? करडी घोडी कापतो. हृदय गरम असतानाच बर्फात घालतो, बस्स?” मी विचारलं, वहिनी काय म्हणाल्या? तर म्हणे, “ती कशाला काय म्हणेल? गप्प होती. म्हणजे तिची हरकत नाही.”

तर कळवायचं ते हे, की बाजारातून ताजं हृदय मिळालं, प्रयोग झकास झाला, आलेख निघाला. घोडी कापू नये. भाऊंचे उपकार मी विसरणार नाही. सगळ्यांना सलाम, मेंढ्यांनाही.

तुमची
कमशात

ता. क. भाऊ, हे पत्र तुम्हीच मोठ्यानं वाचून दाखवत असणार. इथे थांबा. पुढचं बायकांचं आहे, कागद वहिनींच्या हातात द्या आणि मेंढ्यांकडे बघा.

ता. क. २ वहिनी, गेले का ते? बाजारातल्या हृदयानं काहीही झालं नाही. खाटकानं ते कधीचं ठेवलं होतं कोण जाणे. प्रबंध पुढच्या हिवाळ्यावर गेलाय. सर म्हणतात, निवृत्त झालो तरी रोज येईन, मला घरी कोण विचारतं. तेव्हा माझी काळजी नको. पण लांडग्यांनी आई नेलेलं ते शिंगरू तुम्ही कुशीत घेऊन बाटलीनं दूध पाजत होतात, ते मी पाहिलंय. तेच वाढून आजची करडी घोडी झालंय. तुम्ही गप्प होतात म्हणजे काय, ते मला फोनवरच कळलं. मलाही भाऊंना ‘नाही’ म्हणता आलं नाही, म्हणून हे खोटं लिहिलं. पुढच्या हिवाळ्यात खरं बाहेर येईल आणि ते पुन्हा सुरी घेऊन निघतील, माझ्या प्रेमापोटीच. तेव्हा वहिनी, एवढं कराच: त्यांच्यासमोर उभ्या राहून एकदा मोठ्यानं ‘नाही’ म्हणा.