आडव्या सायकलीवरून लातूर

प्रिय अण्णा,

काल तुझी शोकसभा झाली. अजून माझा राग उतरला नाही, म्हणून लिहायला बसले. रडू आलं असतं तर पदरानं डोळे पुसून मोकळी झाले असते. पण समोर बसलेली माणसं तरी रडण्याच्या लायकीची हवीत की नाही!

भैय्यासाहेब बोलायला उठले. तेच, जिल्हा कृती समितीचे अध्यक्ष. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, गळ्यात उपरणं. म्हणाले, "उदगीर जिल्हा व्हावा म्हणून मी आणि अण्णा खांद्याला खांदा लावून लातूरला गेलो." खांद्याला खांदा! तुझा खांदा जमिनीपासून वीतभर वर, आणि त्याचा एसी गाडीच्या काचेआड. कुठं भेटले रे हे दोन खांदे? आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या!

म्हणून खरं काय घडलं ते तुलाच सांगते. तुला सगळं माहीत आहे. पण दुसऱ्या कुणाला सांगावं असं माणूस मला या गावात दिसत नाही.

टाकीत पाणी किती उरलंय ते बघायला तू गच्चीवर चढलास आणि तिथून पडलास, तेव्हाच अर्धं गाव तुला विसरलं. कण्याला मार लागलाय, ताठ बसायचं नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. ताठ बसायचं नाही तर स्टेशनरीचं दुकान कसं चालवायचं? दुकान बंद झालं. वहिनी आधीच गेलेली, मी नवरा गेल्यावर माहेरी आलेली. दोघं भावंडं भिंतीकडं बघत बसलो. म्हणजे मी बसले, तू पडून.

मग पुण्याच्या भाच्यानं ती सायकल पाठवली. तीन चाकांची, पाठीवर रेलून चालवायची, पाय पुढं. त्यानं हौसेनं घेतली, हौस फिटली, आणि अडगळ उदगीरला रवाना केली. वर फोनवर म्हणतो, "मामा, जपून वापरा, इम्पोर्टेड आहे." जसा काही हत्ती दान केला!

तू मात्र पोरासारखा खूश झालास. पहिल्यांदा गल्लीतून चालवलीस तेव्हा समोरचा बंडाप्पा ओट्यावरून ओरडला, "आरं बघा, अण्णाची तिरडी निघाली!" सख्खा चुलतभाऊ आपला. त्याला एवढंही भान नाही की आपल्या लिंगायत लोकांत तिरडी नसते. आपल्यात विभूती लावून, पालखीत बसवून नेतात. तुलाही तसंच नेलं. ज्याला आयुष्याची शेवटची वर्षं बसता आलं नाही, त्याला मेल्यावर ताठ बसवला. आणि पालखीचा पुढचा दांडा कुणाच्या खांद्यावर होता माहीत आहे? बंडाप्पाच्या! मी बघितलं आणि मान फिरवली.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्याआधी तुझा डावा पाय दगा द्यायला लागला. चढ आला की थांबायचास. रिक्षावाले हॉर्न मारून मारून हसायचे. तेव्हा तुझ्या डोक्यात मोटार शिरली. मी म्हटलं, "येडा झालास काय?" तू म्हणालास, "न्हाई महानंदा. मागचं चाक बदलायचं, बस. मोटार चाकातच असते."

किती दिवस आपल्या पुढच्या खोलीत चाललं होतं ते! मोटार बसवलेलं चाक आलं, कंट्रोलर आला, बॅटरी आली. तू गादीवर पडून सांगायचास, मी फरशीवर बसून स्क्रू पिळायची. शिलाई मशीनच्या तेलानं साखळीला तेल दिलं. बॅटरीसाठी सीटमागं पट्टी ठोकली आणि वरून जुन्या साडीच्या काठानं आवळली. तू म्हणालास, "साडी कशाला?" मी म्हटलं, "मग काय तुझा भाचा इम्पोर्टेड पट्टा पाठवणार हाय?" तू पोट धरून हसलास. त्या घरात किती दिवसांनी कुणी तसं हसलं होतं, अण्णा!

आणि तो पहिला दिवस. चाक उचलून धरून आधी मोटार फिरवून बघावी, एवढी साधी गोष्ट दोघांनाही सुचली नाही. तू सीटवर रेललास, मूठ पिळलीस, आणि सायकल पुढं जायच्या ऐवजी सुसाट मागं गेली! मागं बंडाप्पाचा पाण्याचा ड्रम. टँकर आठवड्यातून एकदा यायचा तेव्हा. लातूरला तर रेल्वेनं पाणी आणत होते. भरलेला ड्रम आडवा झाला आणि सगळं पाणी मातीनं पिऊन टाकलं.

बंडाप्पाची बायको छाती पिटत बाहेर आली. तिचा राग मला समजला. त्या दिवसांत पाणी सांडणं म्हणजे काय ते मला शिकवायला नको. पण बंडाप्पा काय बोलला? "लंगड्याला घोड्याची हौस!" आणि तू? मला म्हणालास, "आपला ड्रम त्यांच्या दारात लाव." मी लावला. बंडाप्पानं तो घेतला, आणि रिकामा ड्रमसुद्धा परत दिला नाही.

आपण आठ दिवस मागून आणलेल्या घागरीवर काढले. त्याच आठवड्यात तुला कळलं की कंट्रोलरच्या दोन बारीक पांढऱ्या तारा एकमेकींना जोडल्या की मोटार आपली दिशा शिकते. जोडल्या. शिकली. मोटार सुधारते अण्णा, चुलतभाऊ सुधारत नाही.

तेवढ्यात भैय्यासाहेबांची रॅली ठरली. उदगीर ते लातूर, कलेक्टर ऑफिसवर निवेदन. तू म्हणालास, "मी जाणार." मला तुझा संताप आला होता. खरं सांगू का, तुझ्या त्या जिल्ह्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. जिल्हा झाला म्हणून काय नळाला पाणी येणार होतं? लातूर जिल्हा झालाच होता ना, तिथं काय गंगा वाहात होती? तू म्हणालास, "अपंगाच्या दाखल्यासाठी मला जीपमध्ये आडवं घालून लातूरला नेलंस. खड्ड्याखड्ड्याला मी ओरडत होतो. ते ऑफिस इथं असतं तर?" मी दुसरी बॅटरी माझ्या स्कूटीवर पायापाशी ठेवली आणि तुझ्या मागं निघाले.

पहाटे निघालो. गाड्याच गाड्या. झेंडे, फ्लेक्स, गाणी. प्रत्येक गाडी तुला ओलांडताना धूळ उडवून जायची, आणि आतून कुणीतरी मोबाईल बाहेर काढून तुझा फोटो घ्यायचं. पाण्याचा घोट विचारायला एकही गाडी थांबली नाही.

अर्ध्या वाटेवर नळेगावला पोचलो तर सगळी रॅली हॉटेलसमोर. भैय्यासाहेब मिसळ खात होते. मी बॅटरी बदलत होते तेव्हा ते तुझ्याकडं आले. "अण्णा, कलेक्टर टंचाईच्या दौऱ्यावर आहेत म्हणं. आता जाऊन काय करणार? फोटो झालेत. परत फिरू."

तू खालून त्यांच्याकडं बघून म्हणालास, "कलेक्टर नसले तरी टेबल असंलच की."

ते हसले. निवेदनाची एक प्रत तुझ्या पोटावर ठेवली, गंमत म्हणून. सगळे हसले. गाड्या वळल्या आणि उदगीरकडं गेल्या. रस्ता एकदम रिकामा झाला.

पुढचा रस्ता आठवतो का तुला? दोन्ही बाजूंनी काळी, भेगाळलेली रानं. सावलीला झाड नाही. तुझ्या तोंडावर ऊन पडत होतं म्हणून मी माझा स्कार्फ तुझ्या टोपीखाली खोवला. मी दहा वेळा म्हटलं, "परत जाऊ." तू म्हणायचास, "हाव, जाऊ. लातूरहून."

कलेक्टर ऑफिसात पायऱ्या. तिथल्या शिपायानं आणि मी धरून तुला वर नेलं आणि बाकड्यावर आडवं केलं. टेबलावरचा माणूस पुन्हा पुन्हा आपल्या दोघांच्या मागं बघत होता.

"शिष्टमंडळ कुठंय?"

तू म्हणालास, "हेच की. एक आडवा, एक उभी."

त्यानं शिक्का मारला. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, भैय्यासाहेबांच्या शिष्टमंडळानं निवेदन दिलं. फोटो नळेगावचा. आणि तू तो पेपर वाचून म्हणालास, "जाऊ दे, निवेदन तर पोचलं." अण्णा, या तुझ्या 'जाऊ दे'चा मला फार राग आहे. सगळ्यांना सोडून दिलंस तू. भाच्याला, बंडाप्पाला, भैय्यासाहेबांना. म्हणून तर ते काल एवढे निवांत बसले होते.

सभेच्या शेवटी मला शाल द्यायला बोलावलं. भैय्यासाहेब म्हणाले, सायकल चौकात ठेवू, आंदोलनाचं प्रतीक म्हणून. मी शाल घेतली नाही. माईकपाशी गेले आणि एवढंच विचारलं, "नळेगावच्या पुढं कोण कोण आलं होतं? हात वर करा." एकही हात वर आला नाही. भैय्यासाहेबांनी माईक ओढून घेतला आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. तेवढं मात्र त्यांना चांगलं जमतं.

आज सकाळी मी सायकल बाहेर काढली. तुझी पँट चढवली, वरून पोलकं नेहमीचंच, आणि रेलले. साठीला टेकलेली विधवा बाई, भर गल्लीत पाय पुढं करून आडवी! बंडाप्पाच्या तोंडातली तंबाखू तोंडातच राहिली. मोंढ्याच्या बाजारापर्यंत जाऊन आले.

तुझा जिल्हा मला आजही नको आहे, अण्णा. पण तू दिलेल्या निवेदनाचं काय झालं, हे कुणी विचारायला गेलेलं नाही. मी जाणार आहे. याच सायकलीवरून, एकटी. टेबलावरचा माणूस म्हणाला विचाराधीन आहे, तर पुन्हा जाईन. तो बदलून गेला तर नव्याला विचारीन. आणि जाऊ दे, असं मी कुणालाही म्हणणार नाही. तुझ्या वाटचंसुद्धा नाही.

तुझी,
महानंदा