वर्टहाइमला पाहिलेलं कपाट

मुहर्रक, बहरीन
१२ फेब्रुवारी १९९५

आदरणीय झोहरा आपास,

धाकट्या रहिमतुल्लाचा सलाम. तुझ्या उजव्या गुडघ्यालाही वेगळा सलाम, कारण घरात तोच एक आता तुझ्यापेक्षा जास्त बोलतो असं कळलं. आम्ही इथे खुशाल आहोत. रोजे बरे चाललेत. साखरेमुळे तू सगळे धरू नयेस असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणजे तू सगळे धरले असणार, हे मी विचारतही नाही.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरात आम्ही दोघा भावांनी, इक्बालने आणि मी, इथून तुला लिहिलं होतं, की नदीकाठचं घर विकू या, वर सड्यावर, जिथे पुराचं पाणी चढत नाही, नवीन बांधू या, तू तिथे राहायला ये आणि सोबतच्या कागदावर सही कर. तुझं उत्तर आलं. त्यात मोहल्ल्यातल्या दोन मयती, एक लग्न आणि कोणाची तरी हरवलेली बकरी होती, घराबद्दल अक्षर नव्हतं. इक्बाल म्हणाला, आपा तुझं ऐकते, तूच नीट समजावून लिही आणि पेटीत टाकण्याआधी मला दाखव. (आपा माझं कधी ऐकत होती ते त्यालाच ठाऊक.) पण आधी जर्मनीचं सांगतो, नाहीतर म्हणशील, भाऊ एवढ्या लांब जाऊन आला आणि नुसतं कामाचं लिहिलं.

हिद्दच्या पुढे आमची गोदी आहे, तिथून मला आणि जयप्रकाशला तीन आठवडे जहाजाचं नवं इंजिन शिकायला पाठवलं होतं. जयप्रकाश पुण्याचा इंजिनीअर, सज्जन माणूस, फक्त यादीशिवाय पाणीही पीत नाही. तिकडे सुट्टी रविवारी. (शुक्रवारी मला दिवसभर काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.) जानेवारीतल्या अशाच एका रविवारी तो मला वर्टहाइम नावाच्या जुन्या गावी घेऊन गेला. दोन गाड्या बदलल्या. त्याच्या यादीत अकरा ठिकाणं होती: डोंगरावरचा पडका किल्ला, एक कललेला बुरूज, लाकडी चौकटींची घरं, आणि काय काय.

अगो आपा, स्टेशनातून चालत नदीवर आलो आणि मी थांबलोच. तिथेही दोन नद्या मिळतात, आपल्या राजापूरच्या अर्जुना आणि कोदवलीसारख्या. पाणी तांबूस मातकट, वर फेस, मधून फांद्या चाललेल्या. जयप्रकाश म्हणाला, वा, काय सुंदर दृश्य. मी म्हटलं, बाबा रे, दुपारपर्यंत हे रस्त्यावर येतंय. एका घराच्या भिंतीवर कोणत्या साली पाणी कुठवर चढलं त्याच्या रेघा दगडात कोरल्या होत्या, सर्वांत वरची माझ्या डोक्याच्याही वर. असं वाटलं की कोणीतरी मला राजापुरी हाक मारली.

लोकांनी फळ्या टाकायला सुरुवात केली होती, पण अगदी शांतपणे. कोणी कोणावर ओरडत नव्हतं. पूर येतोय आणि बोंबाबोंब नाही, हे मला काही झेपेना. तेवढ्यात लोकरीच्या एका दुकानात पाहिलं, तर सत्तरीची म्हातारी जिन्याने फुलांच्या कुंड्या वर नेत होती. कुंड्या! खाली लोकरीचे गठ्ठे तसेच, वहीखातं तसंच, आणि तिचा पन्नाशीचा मुलगा भरलेलं कपाट एकट्याने हलवू पाहतोय. मग माझा तोल गेला. कोट काढला आणि विचारल्याशिवाय आत शिरलो. आधी कागद, मग लोकर, मग बिछाने, लाकूड सगळ्यात शेवटी, आणि कपाटाचे खण आधी काढ रे शहाण्या, हे सगळं मराठीत. दोघं बिचारी निमूट ऐकत होती. नंतर कळलं, मी नगरपालिकेचा माणूस आहे असा त्यांचा समज झाला होता.

जयप्रकाश मला शोधत आला आणि वर न्यायच्या शिलाई मशीनखाली सापडला. अकरापैकी त्याने बुरूज तेवढा पाहिला, तोही जिन्याच्या खिडकीतून, म्हणून तो कललेला होता की आम्ही, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही. मी पाहिलं ते कपाट. अक्रोडाचं असावं, खालून फार बारकाईने पाहिलंय.

तीन वाजता पाणी उंबरठ्यावर आलं, आणि आम्ही चौघं वरच्या खोलीत लोकरीच्या गठ्ठ्यांवर बसून कॉफी पीत होतो. खरं सांगतो, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. आपल्या माडीवरचे पुराचे दिवस आठवले, त्यांनाही सांगितले. शाळा बंद, सगळे एका चटईवर, चुलीवर सुकटीचं कालवण, इक्बालने खिडकीतून सोडलेला गळ, आणि त्याला लागलेली कोणाची तरी चप्पल. तू आम्हा दोघांच्या कमरेला लुगड्याचं टोक बांधून झोपायचीस, आम्ही खाली पडू नये म्हणून. खाली पाणी वाजत असायचं आणि मला कधीच भीती वाटली नाही.

तर मुद्दा असा. त्या मुलाला इंग्रजी येत होतं. त्याने डोंगरावर घर घेतलंय आणि आई येत नाही. तो म्हणाला, तुम्हीच हिला समजवा. मी समजावलं. म्हातारी मान डोलावून ऐकत होती. तेव्हा आपा, तूही ऐक आणि सही करून कागद पाठव. इक्बालचा सलाम.

तुझा
रहिमतुल्ला

ता. क. हा शेवटचा कागद इक्बालला दाखवलेला नाही. म्हातारीने मान वगैरे डोलावली नाही. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिनेच आधी विचारलं, आणि मुलाने नाइलाजाने इंग्रजीत सांगितलं: "तू इथे आहेस, मग तुझ्या घरचं सामान वर कोण नेतं?" मी म्हटलं, बहीण. एकटी? हो. मग तिने विचारलं, पुराच्या वेळी तू किती वेळा तिथे होतास? मी सोळा वर्षं इथे आहे आणि सुट्टी दरवर्षी डिसेंबरात घेतो, हवा छान असते म्हणून. शून्याला जर्मनमध्ये काय म्हणतात माहीत नव्हतं, म्हणून मूठ वळून दाखवली. तिने माझ्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला.

सही करू नकोस. मी पंचवीस जूनपासून दोन महिन्यांची सुट्टी टाकली आहे. पावसात कोकणात कोण जातं, म्हणून फोरमन हसला. इंशाल्ला येतो. तोवर काहीही वर चढवू नकोस.

आणखी एक. त्या कपाटानंतर माझी कंबर धरली आहे, नमाज खुर्चीवर पढतो, आणि डॉक्टरांनी किलोभरापेक्षा जास्त उचलायला मनाई केली आहे. म्हणजे उचलावं तुलाच लागेल. पण जिन्याने वर यायचं नाही. तू खालून दे, मी वरून घेईन. एका वेळी एकच बरणी.