खंडेनवमीला घासलेली जपानी कात्री

अण्णा, तुमच्या दुकानातली खंडेनवमी मला इथे आखातात, गुदैबियात बसून अजून दिसते. आदल्या संध्याकाळी तुम्ही वस्तरे, कात्र्या, नखं काढायची नराणी असं सगळं पाटावर मांडता, दगडावर पाणी शिंपडता आणि एकेक हत्यार मांडीशी घेऊन घासत बसता. धार लावल्याशिवाय हत्याराला गंध लावायचं नाही, हा तुमचा नियम. एका वर्षी त्या रांगेत मी इथून पाठवलेली जपानी कात्रीही होती. ती हातात आली तेव्हा तुम्ही फोनवर हसला होतात. "एवढी नाजूक? हिला पाळण्यात घालू की केस कापू?" पण नंतर आईने सांगितलं, गिऱ्हाईक नसलं की तुम्ही ती नुसतीच उघडता-मिटता. आवाज होत नाही म्हणून.

त्या दसऱ्याला मी रजेवर घरी आलो. कात्रीला झेंडूची पाकळी चिकटलेली. मी ती दाराच्या उजेडात धरली आणि माझं डोकंच फिरलं. त्या कात्रीच्या पात्याची बाहेरची बाजू शिंपल्यासारखी फुगीर असते, आतली पोकळ घासलेली. दोन पाती एकमेकांना भेटतात ती केसाएवढ्या पट्टीवर. तलवारी घडवणाऱ्यांच्या गावात पिढ्यान् पिढ्या मुरलेली ही विद्या. कारागीर ओला पातळ कागद कापून बघतो, जराही अडला तर पुन्हा दगडापाशी बसतो. तुम्ही ती फुगीर कड वस्तऱ्यासारखी चपटी केली होती, आतली पट्टी घासून घासून रुंद केली होती. केस सरकत कापायची कात्री आता केस धरून ओढत होती.

"कुणी सांगितलं होतं हिला हात लावायला?" मी ओरडलो. खुर्चीत सरपंच अर्ध्या दाढीचे बसलेले, तरी मी थांबलो नाही. "चाळीस वर्षं काम केलं तरी अडाणी ते अडाणीच!"

तुम्ही वस्तरा पुसलात. "पूजेला बोथट कशी ठेवायची रे?" एवढंच म्हणालात. मग सरपंचांना, "मान जरा वर करा." मी परत निघालो तेव्हा तुम्ही ती कात्री धुतलेल्या पंच्यात गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवलीत. "तुझ्या हाताला शोभते."

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. आता मी कात्र्यांना धार लावतो, अण्णा, आणि हे मी मिरवून सांगतो, कारण मला येतं. इथल्या झिंजपासून सलमानियापर्यंतच्या वस्त्यांतल्या सलूनवाल्या बायका माझ्याकडे कात्र्या पाठवतात. स्क्रू किती आवळायचा, पातं दगडावर किती अंशात फिरवायचं, कुठे थांबायचं, सगळं स्वतः बघून, चुकून, पुन्हा करून शिकलो. जपानात त्या गावी झिजलेल्या पात्यांचीसुद्धा पूजा करतात, हे वाचलं त्या दिवशी तुम्हाला सांगायला फोनकडे हात गेला होता. तुम्ही म्हणाला असतात, "बघ, ते लोक शहाणे." तुमचं ते "बघ" ऐकायला फार जीव तुटतो.

तुमची कात्री मी दुरुस्त करू शकतो. पातं थोडं अरुंद होईल, पण फुगीर कड परत येईल. आज ती दगडाजवळ घेऊन बसलो तर शेजारच्या सलूनमधला केरळी न्हावी चहा घेऊन आला. "उस्ताद, ये किसने बिगाडा?"

"मेरे फादरने."

"गाँव का आदमी, क्या करेगा," तो म्हणाला. "आपको किसने सिखाया?"

"मफी, किसीने नहीं. खुद सीखा."

तो गेला. कात्री दगडाला लावायला हातच उचलेना. कारण त्याला मी अर्धंच सांगितलं. तुमच्यावर ओरडलो त्याच्या आदल्याच वर्षी, इथे नवा असताना, मी माझ्या सलूनच्या मालकाची जपानी कात्री अशीच दगडावर घासून चपटी केली होती. अगदी तुमच्यासारखीच, पाणी शिंपडून, मांडीशी घेऊन. दाराच्या उजेडात धरून मालकाने मला एकेक खूण दाखवली, म्हणून तर तुमच्या कात्रीवरच्या खुणा मला क्षणात ओळखू आल्या. तो माझ्यावर ओरडला नव्हता. कुणी शिकवलं, एवढंच विचारलं. मी म्हणालो, "वडिलांनी." चूक तुमच्या माथी मारून मोकळा झालो. आणि पुढच्या दसऱ्याला सरपंचांदेखत तुम्हाला अडाणी म्हणालो, ते हे सगळं ठाऊक असताना.